आसारामचे चार रविवार

त्र्याहत्तर साली नगरच्या कोर्टात एक नवी टूम निघाली. गाडी चालवताना गुन्हा केलेल्या माणसाला नुसता दंड करून सोडायचं नाही, तर चार रविवार शाळेत बसवायचं. त्याला वाहतुकीचे नियम शिकवायचे, दर वेळी हजेरी घ्यायची आणि चारही रविवार भरले की मगच लायसन परत द्यायचं. एक रविवार जरी बुडला तरी लायसन सहा महिने कोर्टाच्या कपाटात. आणि शाळा म्हणजे खरोखरची शाळा. एका प्राथमिक शाळेचा तिसरीचा वर्ग रविवारी रिकामा असायचा, तो पोलिसांनी मागून घेतला होता. आठ-नऊ वर्षांच्या पोरांच्या बाकांवर ट्रकवाले, टॅक्सीवाले, ट्रॅक्टरवाले असे तेवीस बाप्ये गुडघे हनुवटीला लावून बसत, आणि फळ्यावर एक जाडजूड हवालदार खडूनं चौक काढत असे.

त्या तेविसांत तिसऱ्या बाकावर आसाराम बसायचा. चौतीस वर्षांचा, किडकिडीत, अंगात धुतलेली खाकी पँट आणि पांढरा शर्ट. मूळचा जामखेडकडचा. आईबाप ऊस तोडायला राहात्याकडं यायचे, त्यांच्याबरोबर हाही यायचा. एका साली आईबाप परत गेले आणि हा एका ट्रकवर किन्नर म्हणून, म्हणजे क्लीनर म्हणून, मागं राहिला. गाडी धुता धुता गाडी शिकला, जड वाहनाचं लायसन काढलं, आणि गेली बारा वर्षं राहात्याच्या काकासाहेबांकडं ड्रायव्हर होता. काकासाहेबांची पेरूची मोठी बाग, एक ट्रक, एक जीप. दोन्ही गाड्या आसारामच्याच हातात. बारा वर्षांत त्याच्या चाकाखाली कुणाची कोंबडीसुद्धा आली नव्हती. असा हा माणूस गुन्हेगार म्हणून तिसरीच्या बाकावर बसला होता, आणि गुन्हा त्याचा नव्हता.

गुन्हा होता काकासाहेबांच्या मुलाचा, गोरक्षचा. जानेवारीत तिघं नगरला गेले होते. जीप चालवायची हौस म्हणून गोरक्ष चाकावर बसला, आसाराम त्याच्या शेजारी आणि काकासाहेब मागं. गोरक्षचं वय एकवीस, लायसन नाही आणि घाई फार. माळीवाड्यात समोर टांगा आला म्हणून त्यानं जीप सरळ उजव्या हाताला घातली. आसाराम "डावीकडं, डावीकडं" म्हणतोय तोवर समोरून येणारा एक सायकलवाला दूधवाला जीपवर आदळला. कॅन्या रस्त्यावर, दूध गटारात आणि दूधवाला खांदा धरून धुळीत पडला. लोक जमायला लागले. लांबून पोलिसाची शिट्टी ऐकू आली.

काकासाहेब मागून चाकाकडं हात करून एवढंच म्हणाले, "आसाराम, इकडं बस."

त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत आसाराम उठला होता, हे खरं सांगायला पाहिजे. त्याला कुणी दमात घेतलं नाही, त्याच्या हातापाया पडलं नाही. राहात्याच्या बाजूला गाड्या बाळगणाऱ्यांत ती रीतच होती. चाक कुणाच्याही हातात असो, पोलिसापुढं नाव ड्रायव्हरचं सांगायचं. मालक दंड भरतो, ड्रायव्हर मान खाली घालतो, संध्याकाळी मालक पाठीवर हात ठेवतो. आसारामनं याआधी दोनदा अशी मान खाली घातली होती. एकदा दिव्यावरून, एकदा हॉर्नवरून. दोन्ही वेळा पावती फाटली आणि गोष्ट तिथंच संपली. हीही तशीच संपेल असं त्यानं धरलं. गोरक्ष दुसऱ्या दारानं उतरला आणि बघ्यांत जाऊन उभा राहिला. पोलिसानं विचारलं, "कोण चालवत होतं?" आसाराम म्हणाला, "म्या." बघ्यांतल्या निम्म्या लोकांनी खरा प्रकार डोळ्यांनी पाहिला होता, पण एकानंही तोंड उघडलं नाही.

दूधवाल्याचा खांदा निखळला होता. काकासाहेबांनी त्याच्या दवाखान्याचं बघितलं, कोर्टातला दंडही भरला. त्या बाबतीत त्यांना नाव ठेवायला जागा नाही. कोर्टात "गुन्हा कबूल?" असं विचारल्यावर आसाराम "व्हय, कबूल" म्हणाला. कारकुनानं लायसन मागून घेतलं आणि चार रविवारचा कागद हातात ठेवला. चार फेब्रुवारीला सुरू, पंचवीसला संपणार.

पंचवीस ही तारीख ऐकून आसारामला उलट हायसं वाटलं, कारण सत्तावीसला त्याला यष्टीचं बोलावणं होतं.

ही यष्टीची गोष्ट त्याच्या जिवाची होती. दिवाळीच्या सुमारास त्यानं यष्टीत ड्रायव्हरच्या जागेसाठी अर्ज केला होता, आणि परीक्षेला या म्हणून पत्र आलं होतं. पस्तिशीच्या आत घेतात, म्हणजे हीच शेवटची संधी. काकासाहेबांकडं तो ट्रकच्या शेडला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत झोपायचा. तिथं बायकापोरांना आणायची सोय नव्हती आणि परवानगीही नव्हती. त्यामुळं लग्नाला अकरा वर्षं झाली तरी लंकाबाई जामखेडकडच्या गावात सासूजवळ आणि हा राहात्यात. वर्षातून दोन-तीनदा भेट. त्यात दोन वर्षं पाऊस नाही. लंकाबाई आता दुष्काळी कामावर खडी फोडत होती. संक्रांतीला तो गेला तेव्हा तिच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. त्यानं पत्र वाचून दाखवलं आणि म्हणाला, "यष्टी लागली की तुला अन् पोरीला नगरला नेतो. खोली घिऊ. हातोडीला पुन्ना शिवू नको." लंकाबाईनं ते पत्र घडी करून स्वतःच्या हातानं त्याच्या खिशात ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी कामावरच्या सगळ्या बायांना सांगून टाकलं.

तर असा हिशेब मनात धरून आसाराम पहिल्या रविवारी शाळेत गेला, आणि गंमत अशी की त्याला शाळा आवडली. चौथीत सुटलेली शाळा तिशी ओलांडल्यावर पुन्हा लाभली. हवालदार माणूस खडूस, पण शिकवायचा मन लावून. कुणाला आधी जाऊ द्यायचं, वळताना हात कसा काढायचा, घाटात चढणाऱ्याला वाट का द्यायची. बाकीचे जांभया देत, विडीसाठी चुळबुळ करत. आसाराम मात्र पुढं वाकून ऐकायचा. हे सगळं तो बारा वर्षं करतच आला होता, फक्त त्याला नावं असतात हे ठाऊक नव्हतं. हवालदारानं प्रश्न विचारला की वर्गात एकच हात वर व्हायचा.

"अरे, एवढं येतंय तर माळीवाड्यात काय अफू खाल्ली होतीस?" हवालदार म्हणाला. वर्ग खो खो हसला, आसारामही हसला.

हसू संपलं ते दुसऱ्या रविवारी. त्या दिवशी हवालदारानं कुणाचं तरी लायसन आणलं होतं आणि ते पान पान उलटून दाखवत होता. "हे पान बघा. नीट बघा. कोर्टात गुन्हा शाबीत झाला की इथं शेरा पडतो. लाल शाईत. तारीख, कलम, शिक्षा. हा शेरा खोडला जात नाही, पान फाडता येत नाही. जिथं नोकरी मागायला जाल तिथं पहिल्यांदा हेच पान उघडतील."

आसारामनं हात वर केला. "सायेब, दंड भरला तरी?"

"दंड भरला म्हणजेच गुन्हा शाबीत झाला. तुम्ही तेवीस जण कोर्टातून आलात ना? तेविसांच्याही लायसनावर आहे."

"आन् ह्ये चार रविवार भरले तर?"

"तर लायसन परत मिळेल. शेऱ्यासकट."

पुढचं आसारामला काही ऐकू आलं नाही. फळ्यावरचा चौक त्याला दिसत होता, त्यात हवालदारानं काढलेल्या चार चौकोनी गाड्या दिसत होत्या, पण कोण कुठं चाललंय ते कळत नव्हतं. खिशातलं यष्टीचं पत्र त्यानं बाकाखाली उलगडलं. खालून तिसऱ्या ओळीत छापलेलं होतं, की उमेदवाराच्या परवान्यावर शिक्षेची नोंद नसावी. ही ओळ त्यानं स्वतः दहादा तरी वाचली होती. ती आपल्याला लागू आहे हे मात्र त्याच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण आपण गुन्हा केला असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. त्यानं फक्त नाव सांगितलं होतं.

त्याच दिवशी तो राहात्याला परतला आणि तडक बागेत गेला. काकासाहेब पेरूच्या पाट्या भरून घेत होते. आसारामनं चपला लांब काढल्या आणि सगळं सांगितलं. लाल शेरा, यष्टीचं पत्र, सत्तावीस तारीख. शेवटी म्हणाला, "मालक, गोरक्षदादांनी कोर्टात येवढं सांगावं की चाक त्यांच्या हातात हुतं. दंड तर तुमी भरलाच हाये."

काकासाहेबांनी एक पेरू उचलून फिरवून बघितला आणि पाटीत ठेवला. "अरे, एका शेऱ्यानं काय आभाळ कोसळतंय? मी चिठ्ठी देतो यष्टीच्या साहेबाला."

"मालक, कागदावर लिवलंय."

"लिहिलेलं असतंच. माणसं चिठ्ठी बघतात." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "हे बघ आसाराम, गोरक्षचं कोपरगावला जमतंय. पोरीचा बाप वकील आहे. विनालायसन गाडी घातली, माणूस पाडला, वर ड्रायव्हरला पुढं केलं, असं कोर्टात वाचलं गेलं तर काय राहील? तुला मी परका समजत नाही. तू घरचा माणूस. आणि यष्टी नाही मिळाली तर मी काय तुला हाकलून देतोय का? जीप आहे, ट्रक आहे, चालव जन्मभर."

घरचा माणूस! बारा वर्षांत त्या घराच्या उंबऱ्याआत आसाराम दोनदा गेला होता, दोन्ही वेळा धान्याची पोती उतरवायला. त्याचं ताट ओट्यावर यायचं आणि त्यानंच ते घासून पालथं घालायचं. पण 'घरचा' म्हटल्यावर तो चपला पायात घालून माघारी फिरला. संताप आला होता, नाही असं नाही. तो संताप त्यानं ट्रकवर काढला. रात्र पडेपर्यंत ट्रक धूत बसला. गोरक्ष येता-जाता दोनदा दिसला. दोन्ही वेळा त्यानं मान वळवली, म्हणजे त्यालाही कळलेलं होतं.

तिसऱ्या रविवारी आसाराम वर्गात मागं रेलून बसला. त्याचा हात वर झाला नाही. हवालदारानं त्याच्याकडं दोनदा बघितलं.

त्या वर्गाची एक पद्धत होती. दर रविवारी पाच-सहा जणांनी उभं राहून आपापला गुन्हा आपल्या तोंडानं सांगायचा. मी असा चुकलो, पुन्हा असं करणार नाही. हवालदाराच्या मते चूक तोंडानं कबूल केली की अंगात मुरते. आसारामची पाळी चौथ्या, शेवटच्या रविवारी आली. तो उठला. बाक छोटा, त्यातून सुटायला वेळ लागला. काय बोलायचं हे त्यानं आठ दिवस ठरवून ठेवलं होतं.

"माझं नाव आसाराम," तो म्हणाला. "माळीवाड्यात एका दूधवाल्याला जीप धडकली. जीप उलट्या बाजूनं गेल्ती. पर चाकावर मी नव्हतो. मालकाचा पोरगा हुता. मालक म्हनले इकडं बस, अन् मी बसलो. येवढाच माझा गुन्हा."

मग मागच्या बाकावरचा एक टँकरवाला, आडव्या अंगाचा गडी, खदखदून हसला. "आर्र, मंग मी काय येगळं केलं? आमचा शेठ पिऊन चालवत हुता."

"आमचे तात्या," दुसरा म्हणाला. "त्यांना रातचं दिसत न्हाई, पर चाक सोडत न्हाईत."

एकाचा जावई निघाला, एकाचा सरपंच. बघता बघता नऊ जण झाले. तेविसांतले नऊ दुसऱ्याची शिक्षा भोगत पोरांच्या बाकावर बसले होते, आणि एकमेकांकडं बघून पोट धरून हसत होते. जणू एकाच गावचे निघाले! आसारामला वाटलं होतं, खरं बोललं की काहीतरी होईल. कुणीतरी चिडेल, उठेल, लिहून घेईल. सगळ्यांचं हसणं त्याला थोबाडीत मारल्यासारखं लागलं. त्याला रडू येत होतं आणि हे बाप्ये डोळे पुसत होते.

हवालदार हसला नाही. त्यानं फळा पुसला, हात झटकले, आणि शाळा सुटल्यावर आसारामला एकट्याला थांबवून घेतलं.

"तुझं खरं आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," तो म्हणाला. "पण मी शिकवायला आहे, निकाल द्यायला नाही. उद्या सोमवार. कोर्टात जा, साहेबांपुढं अर्ज दे. पण एक समजून जा. त्या दिवशी कोर्टात 'कबूल' तू म्हणालास, तुझ्या तोंडानं. ते खोटं होतं म्हणशील, तर खोटं बोलल्याचा जाब तुलाच द्यावा लागेल. मालक म्हणेल, मी तर काही बोललोच नाही. साक्षीदार आहे का कुणी?"

"जीपमधी तिघंच हुतो. बघनारं त्या दिशी बी बोललं न्हाईत."

"मग बघ बाबा." हवालदारानं चार रविवारच्या हजेरीवर त्याची सही घेतली आणि लायसन त्याच्या हातात दिलं. शाळेच्या पायरीवर बसून आसारामनं पान उघडलं. लाल शाई होती, अक्षर मोठं सुबक होतं.

सोमवारी तो कोर्टापुढं गेला. पायऱ्यांखालच्या झाडाजवळ उभा राहिला. अकराला कोर्ट भरलं, दोनला जेवणाची सुट्टी झाली, पुन्हा भरलं. अर्ज लिहून देणारा माणूस समोरच टेबल टाकून बसला होता, त्यानं दोनदा हाक मारून विचारलं, "काय लिहायचंय?" आसाराम दोन्ही वेळा "काय न्हाई" म्हणाला. खोटं बोलल्याची शिक्षा झाली, तर काकासाहेबांकडची जागाही जाणार. मग लंकाबाईच्या हातातली हातोडी सुटायची राहिली बाजूला, ह्याच्याच हातात येणार. संध्याकाळी कोर्टाला कुलूप लागलं तेव्हा तो तिथून हलला. स्वतःच्या भित्रेपणाची त्याला इतकी शरम वाटली की बसस्टँडवर त्यानं चहासुद्धा घेतला नाही.

मंगळवारी यष्टीच्या कचेरीत त्याला गाडीवर बसायची वेळच आली नाही. खिडकीतल्या कारकुनानं लायसन घेतलं, नेमकं ते पान उघडलं आणि ते परत सरकवलं. आसारामनं काकासाहेबांची चिठ्ठी पुढं केली. कारकुनानं ती वाचली, घडी घातली आणि तीही परत दिली. "पुढचा कोण?" तो म्हणाला.

तिथून तो राहात्याला गेला नाही. जामखेडची गाडी धरली. लंकाबाई मंगळवारची तारीख बोटावर मोजत बसली असणार, तिला दुसऱ्या कुणाकडून कळू नये असं त्याला वाटलं.

गावाबाहेर माळावर खडीचे ढीग लागले होते आणि ढिगाढिगापाशी बाया बसल्या होत्या. लंकाबाईनं त्याला लांबूनच ओळखलं. हातोडी टाकून, पदर सारखा करून ती उभी राहिली. तिच्या शेजारी बायडाबाई होती, तिची नणंद लागायची. बायडाबाईच आधी बोलली, "आलं बगा यष्टीवालं!"

आसारामच्या तोंडाकडं बघून लंकाबाईचं हसू गेलं. "काय झालं?"

"न्हाई घेतलं."

"कामून? गाडी नीट चालवली न्हाई का?"

"चालवू दिलीच न्हाई. लायसनावर शेरा हाय."

"कशाचा शेरा?"

"नगरात एक मानूस पडला. जीपखाली. वाचला, पर कोर्ट झालं."

लंकाबाईनं बोटाची सुटलेली चिंधी गुंडाळून घेतली. मग सरळ त्याच्या डोळ्यांत बघून विचारलं, "गाडी तुमी चालवत व्हता का दुसरं कुनी?"

तेवीस परक्या माणसांपुढं जे त्यानं घडाघडा सांगितलं होतं, ते आता ओठांवर आलं आणि तिथंच अडलं. कारण ते सांगितलं असतं तर तिचा पुढचा सवाल ठरलेला होता. मग तुमी का म्हनला, मी व्हतो म्हून? अकरा वर्षं ज्या खोलीची ती वाट बघत होती, ती खोली त्यानं दोन शब्दांवर देऊन टाकली होती. कुणी मागितलीसुद्धा नव्हती. चुकलेला ड्रायव्हर म्हणून तिच्यापुढं उभं राहणं त्यातल्या त्यात सोपं होतं.

"मीच व्हतो," आसाराम म्हणाला.

बायडाबाईनं मान दुसरीकडं वळवली. लंकाबाई खाली बसली, हातोडी शोधून हातात घेतली.

"मंग न्हाई घेतलं त्येच बरं झालं," ती म्हणाली. "यष्टीत पन्नास-साठ मान्सं बसत्यात."

तिनं पुढचा दगड ओढला आणि खडी फोडायला लागली.